दोन वह्यांचा मेळ

विसरणे हे पाप आहे काय? चोरी, लबाडी, निंदा यांविषयी आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो, आणि शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही ही पापे ओळखता येतात. परंतु ज्याने कोणाचे काही घेतले नाही, कोणाला वाईट बोलला नाही, केवळ एक नाव ज्याच्या ध्यानातून गेले, त्याला दोषी धरावे काय? आणि ते नाव त्याच्या ध्यानातून नव्हे, तर त्याच्या यंत्रातून गेले असेल तर? हा प्रश्न मी कोणत्या ग्रंथातून काढलेला नाही. तो माझ्यावर येऊन पडला, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमची मंडळी भैंसा येथील, लहानशी. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, आणि बाजारात गेले की उर्दू. पाळकसाहेबांकडे अनेक गावे असल्यामुळे ते महिन्यातून एकदा येतात. मंडळीतील कुटुंबांची यादी राखण्याचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी ती एका जाड वहीत होती. नंतर ती घरच्या टेबलावरील संगणकात घातली. नाव, घर, फोनचा क्रमांक, वाढदिवस, आणि शेजारी दोन ओळींचे टिपण : यांचा मुलगा निझामाबादेस असतो, यांना डोळ्यांनी दिसत नाही, यांच्या यजमानांची पुण्यतिथी अमुक दिवशी. संगणकातल्या कॅलेंडरात प्रार्थनासभांचे वार होते, आणि जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन कोणत्या शनिवारी जायचे तेही होते.

पुढे स्मार्टफोन घेतला. यादी घरी आणि आपण बाजारात, ही अडचण आता संपेल असे वाटले. संगणकातील यादी व मोबाइलमधील यादी यांचा मेळ घालण्याची सोय असते, तिला मुले ‘सिंक’ म्हणतात. एका रात्री मी ते करावयास बसलो. यंत्राने मला एक प्रश्न विचारला : दोन्ही याद्या एकत्र करू, की संगणकाची यादी मोबाइलवर घालू, की मोबाइलची संगणकावर? झोप आलेली होती. मी नीट न वाचता बोट दाबले. क्षणभरात उत्तर आले की काम पूर्ण झाले. मी देवाचे आभार मानून निजलो.

मोबाइलमध्ये होती ती जुन्या सिमकार्डावरची अर्धवट यादी. तीच आता संगणकातही गेली होती, आणि संगणकातील टिपणे, तारखा, कित्येक नावे पुसली गेली होती. काही दिवसांनी मला थोडे उणे दिसले, ते मी आठवेल तसे भरून काढले. सारे भरले असे समजलो. दोन्ही याद्या उघडून पाहिल्या, तर त्यांत एका अक्षराचाही फरक नव्हता.

तीन महिन्यांनंतर बाजारातील एका शिंपीकाकांनी मला हाक मारली. ते मुसलमान गृहस्थ आहेत. म्हणाले, “मास्टर, वो अम्मा आप लोगों को पूछ रही थीं. बहुत दिन से कोई आया नहीं.” त्यांच्या दुकानामागच्या खोलीत आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा राहतात. त्यांच्याजवळ फोन नाही, म्हणून मोबाइलच्या यादीत त्यांचे नाव कधी नव्हतेच. ते फक्त संगणकात होते. तीन महिने त्यांच्या दारी प्रभुभोजन गेले नव्हते.

मी तसाच गेलो. काय सांगावे याची जुळवाजुळव करीत आत शिरलो. आजींनी आवाजावरून ओळखले आणि मी काही बोलण्याआधीच विचारले, “बाबा, पाळकसाहेबांची तब्येत आता बरी हाय ना? तीन महिने आले न्हाईत. लईच आजारी असतील म्हणून मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायले.”

वाचकहो, त्यांनी मला रागे भरले असते तर बरे झाले असते.

दोष कोणाचा?

घरी परतताना माझ्या मनाने पहिली गोष्ट केली ती आदामाने केली तीच. दोष दुसऱ्यावर ढकलला. हे यंत्रच असे, एका बोटाने इतके पुसले जाते, मग मी काय करणार? परंतु यंत्राने माझी आज्ञाच पाळली होती. विचारले होते, मी उत्तर दिले होते, आणि सांगितले तेवढे त्याने केले होते.

उत्पत्तीच्या ४० व्या अध्यायात फारोच्या प्यालेबरदाराची गोष्ट आहे. बंदिखान्यात योसेफाने त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि सुटल्यावर माझी आठवण ठेव अशी विनंती केली. तो सुटला आणि विसरला. त्याच्या मनात योसेफाविषयी वाईट काहीच नव्हते. तरी त्या विसरण्यामुळे एक निरपराध मनुष्य आणखी दोन वर्षे तुरुंगात राहिला. पुढे त्याला आठवण झाली, तेव्हा त्याने स्मरणशक्तीला बोल लावला नाही. आज मला माझे अपराध आठवतात, अशा अर्थाचे तो फारोसमोर बोलला. मूर्तिपूजक दरबारातील त्या नोकराला जे कळले ते मला उशिरा कळले.

विसरण्याचे प्रकार मात्र एक नाहीत. वयोमानाने किंवा आजाराने माणूस विसरतो, तो केवळ दयेचा विषय आहे. रागाने, हेतुपूर्वक कोणाचे नाव मनातून काढून टाकणे हे पाप आहे, यात शंका नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे : आठवण ठेवण्याचे काम आपण दुसऱ्याकडे सोपवतो, आणि सोपवले म्हणून निश्चिंत होतो. आपल्या काळात हाच प्रकार फार वाढला आहे.

हे भय नवे नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने ‘फीड्रस’ नावाच्या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी मिसर देशाच्या एका राजाची कथा घातली आहे. एक देव लेखनकला शोधून काढतो व ती राजाला दाखवतो. राजा म्हणतो की या कलेने लोकांची स्मृती वाढणार नाही, उलट ते बाहेरच्या अक्षरांवर विसंबतील व आतून आठवण्याचे सोडून देतील. म्हणजे आज मोबाइलविषयी जी तक्रार आपण करतो ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लेखणीविषयी झालेली होती. परंतु आपण शास्त्र मानणारे लोक लेखणीचा द्वेष कसा करणार? अनुवादाच्या ६ व्या अध्यायात देवाच्या आज्ञा दाराच्या चौकटींवर लिहिण्यास सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी, त्याआधी, त्या हृदयात ठेवण्यास आणि घरात बसता, वाटेने चालता मुलांशी त्यांविषयी बोलण्यास सांगितले आहे. लिहिणे हे हृदयात ठेवण्याला साह्य म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. मी आजींचे नाव संगणकात घातले त्या दिवसापासून ते मनात बाळगण्याचे सोडले, आणि माझी चूक त्या रात्री नव्हे तर त्या दिवशीच सुरू झाली.

मेळ बसला म्हणजे खरे झाले काय?

आमच्या गावी कापसाचा मोठा व्यापार आहे. अडत दुकानांत कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या जुन्या काळापासून चालत आल्या. रोजचा व्यवहार आधी किर्दीत लिहायचा, मग त्यातून प्रत्येकाच्या खात्यावर खतावणीत उतरवायचा. फरक निघाला तर मुनीम कीर्द उघडतो, कारण मूळ वही कोणती याविषयी वाद नसतो.

सिंकमध्ये अडचण अशी की दोन्ही वह्या मूळ असतात. घरच्या संगणकात कोणी बदल करते, बाजारात मोबाइलवर कोणी बदल करते, आणि मग दोघांनी एकमेकांस सांगावयाचे असते. १९९६ साली अमेरिकेत तळहातावर मावणारे ‘पायलट’ नावाचे यंत्र निघाले. ते एका बैठकीत ठेवून कळ दाबली की त्यातील नावे व तारखा टेबलावरील संगणकाशी जुळत. आज तार लागत नाही, मेळ दूरच्या संगणकामार्फत आपोआप बसत राहतो, परंतु आतील रीत पुष्कळशी तीच आहे. प्रत्येक नोंदीला एक खूण असते, ती केव्हा बदलली याची वेळ असते. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली असेल तर पुष्कळदा साधा नियम लावतात : जी नंतर लिहिली ती खरी धरावी. पण एका यंत्राचे घड्याळच चुकीचे असेल तर ‘नंतर’ म्हणजे काय? लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली याच विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही शिकवला जातो. एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांमध्ये आधी काय घडले आणि नंतर काय, हे केवळ घड्याळांवरून ठरवता येत नाही, असे त्याने दाखवले.

आपल्याला त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, नंतरचे म्हणजे बरोबर, असे नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, जुळले म्हणजे खरे, असेही नाही. माझ्या दोन्ही याद्या तीन महिने तंतोतंत जुळत होत्या आणि दोन्ही खोट्या होत्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या ५ व्या अध्यायात हनन्या व सप्पीरा यांची साक्ष किती चांगली जुळली होती पाहा. नवऱ्याने जे सांगितले तेच तीन तासांनंतर बायकोनेही सांगितले. दोघांचा मेळ होता, सत्याशी मात्र नव्हता.

याच्या उलट एज्राचा २ रा आणि नहेम्याचा ७ वा अध्याय शेजारी ठेवून वाचा. बाबेलहून परत आलेल्या लोकांची एकच यादी दोन ठिकाणी आहे, आणि आकडे सर्वत्र जुळत नाहीत. आराहाचे वंशज एज्राने ७७५ दिले आहेत, नहेम्याने ६५२. अजगादाचे वंशज एका ठिकाणी १,२२२ आणि दुसऱ्या ठिकाणी २,३२२. मात्र एकंदर मंडळीची संख्या दोन्हीकडे ४२,३६०. टीकाकारांनी याची निरनिराळी कारणे सांगितली आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला आश्चर्य वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्यांनी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या नकलून ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल काय? दिसला असणारच. तरी एक यादी दुसरीवर घालून त्यांनी ती पुसली नाही. दोन्ही आपल्या हाती दिल्या. खोट्या मेळापेक्षा खरा फरक त्यांनी पत्करला.

आमच्या गावाचा अनुभवही हेच सांगतो. १९५६ पर्यंत आम्ही आणि नांदेडकर एकाच हैदराबाद राज्यात होतो. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नांदेड मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात आलो. २०१४ च्या जूनमध्ये तेलंगणा झाले. २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्यातून निर्मळ जिल्हा वेगळा निघाला व भैंसा त्यात गेले. ज्या म्हाताऱ्या माणसाने कधी घर बदलले नाही त्याचा पत्ता तीनदा बदलला. नावाचेही तेच. एकाच बहिणीचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मराठीत, शिधापत्रिकेवर तेलुगूत, बँकेत इंग्रजीत, आणि प्रत्येक ठिकाणी अक्षरे थोडी निराळी. यंत्र अक्षरे पाहते, म्हणून ते एका बाईच्या तीन बाया करते. तिला एक मनुष्य म्हणून ओळखणारा कोणीतरी मनुष्यच लागतो.

विधवांची यादी

येथे मला कृत्यांचा ६ वा अध्याय आठवतो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवा सुटून जात होत्या. त्या कोणत्या? ग्रीक बोलणाऱ्यांच्या. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळत होते. पेन्टेकॉस्टचा आत्मा पावलेली, सर्व काही समाईक ठेवणारी ती मंडळी, पण तिच्याही यादीतून नावे गळत होती, आणि ती दुसरी भाषा बोलणाऱ्या गरीब बायांचीच गळत होती. यादीतून कोण गळते हे बहुधा दैवाने ठरत नाही. ज्याच्याजवळ फोन नाही, ज्याचे नातेवाईक पंचांत नाहीत, ज्याची भाषा यादी लिहिणाऱ्याची नाही, तो आधी गळतो.

प्रेषितांनी काय केले ते लक्ष देऊन पाहा. हे क्षुल्लक काम आहे असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सात माणसे निवडावयास लावली, आणि ती आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत अशी अट घातली. जेवण वाढण्याच्या यादीसाठी ही अट! निवडलेल्या सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची नावे सुटत होती त्यांच्याच लोकांच्या हाती यादी दिली. आमच्या पंचांना मी हे वाचून दाखवले, आणि आता आमची यादी एका मराठी आणि एका तेलुगू बोलणाऱ्या भगिनीने मिळून तपासावी असे ठरले आहे.

कोणी म्हणेल, “बंधो, आमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, पृथ्वीवरच्या यादीचे एवढे काय?” लूकाच्या १० व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना याच गोष्टीचा आनंद करण्यास सांगितले, हे खरे. परंतु पवित्र शास्त्रात देव जेव्हा कोणाची आठवण करतो तेव्हा काहीतरी घडते. त्याने नोहाची आठवण केली आणि पाणी ओसरू लागले. हन्नाची आठवण केली आणि तिची ओटी भरली. देवाची आठवण म्हणजे देवाचे येणे. मग देव आजींना विसरला नाही असे म्हणून मी घरी बसून राहणे, हे याकोबाच्या पत्रातील त्या मनुष्यासारखे होईल, जो उघड्या-उपाशी बंधूला गोड शब्द बोलून रिकाम्या हाती वाटेला लावतो.

पुसलेले नाव

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संगणकाची विद्या जाणणाऱ्या एका तरुणाकडून ती मी शिकलो. एका यंत्रातून एखादे नाव पुसले, आणि तेथे काहीच खूण उरली नाही, तर पुढच्या मेळाच्या वेळी दुसरे यंत्र म्हणते, तुझ्याकडे हे नाव नाही, घे. आणि पुसलेले नाव परत येते. म्हणून पुसलेल्या नावाच्या जागी एक लहान खूण ठेवतात : येथे एक नाव होते, ते काढले आहे. या खुणेला संगणकवाले ‘टूम्बस्टोन’ म्हणतात, म्हणजे कबरीवरचा दगड. मी त्याला दोनदा विचारले, तो थट्टा तर करीत नाही ना. नाही, त्यांचा हा नेहमीचा शब्द आहे.

मंडळीतील एक वडील प्रभूमध्ये निजले. त्यांचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये राहिला होता. काही महिन्यांनी चुकून त्यांच्या नावावर बोट पडले आणि पलीकडून एका अनोळखी मुलीने तेलुगूत विचारले, कोण पाहिजे? माझ्या अंगावर काटा आला. आपल्या देशात बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. यात गैर काही नाही. क्रमांक पृथ्वीवरचे भाड्याचे घर आहे, एक गेला की दुसरा राहावयास येतो. परंतु त्या दिवशी मी ठरवले की क्रमांक काढावा, नाव काढू नये. क्रमांक त्या मुलीचा झाला, नाव मात्र त्या वडिलांचेच आहे. आता निजलेल्यांचा मी एक वेगळा गट केला आहे आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी ती नावे प्रार्थनासभेत वाचतो.

मेलेल्यांचे नाव आपण दुःखाने पुसतो. जिवंतांचे नाव रागाने पुसतो, आणि ते अधिक भयंकर आहे. पंचांच्या सभेत शब्दाला शब्द लागला, घरी येऊन बंधूचा क्रमांक काढून टाकला, असे किती जणांनी केले असेल? निर्गमाच्या ३२ व्या अध्यायात इस्राएलाने सोन्याचे वासरू केले. मोशेला रागावण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि तो रागावलाही. पण देवासमोर उभा राहिल्यावर तो असे बोलला की, यांना क्षमा होणार नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझे नाव काढ. दुसऱ्याचे नाव पुसण्याची मुभा असताना त्याने आपले पुढे केले. आणि आपल्या प्रभूने तर आपले नाव अपराध्यांत गणू दिले.

दुसऱ्याची ठेव

यादीतील नावे आपली नसतात, ती ठेव असते. मोबाइलवर एखादी नवी सोय घेताना ती विचारते, तुमच्या यादीतील सर्व नावे पाहू का? आपण ‘होय’ म्हणतो. त्या एका ‘होय’ने शंभर घरांचे क्रमांक दुसऱ्याच्या हाती जातात, आणि त्या शंभरांपैकी एकालाही आपण विचारलेले नसते. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या रक्षणासाठी कायदा झाला. स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी कोणी माहिती ठेवली तर त्याला तो लागू नाही. पण मंडळीची यादी घरगुती म्हणता येईल काय? कायदेपंडित काय म्हणतील ते म्हणोत, आपल्यासाठी कायद्याआधी शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण नुकताच विश्वासात आला आहे, ही टिपणे पाळकीय विश्वासाने कळलेली असतात. ती जेथे कोणीही वाचील अशा जागी ठेवू नयेत.

दिवसांचा मेळ

तारखांविषयी थोडेसेच. दूरदूरच्या मंडळ्यांनी एकाच दिवशी सण पाळावा यासाठी ख्रिस्ती लोकांनी फार पूर्वीपासून खटपट केली आहे. ३२५ साली निकया येथील परिषदेने पुनरुत्थानाचा सण सर्वांनी एकाच वेळी पाळावा असे ठरवले. आलेक्सांद्रियाचे बिशप दरवर्षी पत्र लिहून सणाची तारीख मंडळ्यांना कळवीत. अथानासियस याचे ३६७ सालचे पत्र असेच तारीख कळवणारे होते, आणि त्याच पत्रात नव्या करारातील २७ पुस्तकांची यादी आढळते. तारीख आणि यादी, दोन्ही एकाच पत्रात!

शिक्षकांना एक सूचना : नाताळ वर्षाचे वर्षाला एकाच तारखेस येतो, म्हणून यंत्राला एकदा सांगितले की पुरे. पुनरुत्थानाचा सण तसा नाही. तो २०२५ मध्ये २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. २० एप्रिल हीच तारीख दरवर्षी म्हणून नोंदवून ठेवली, तर २०२६ मध्ये यंत्र तुम्हाला सोमवारी पुनरुत्थानाच्या उपासनेस पाठवील.

मग काय करावे?

यंत्र फेकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. मी आजही ते वापरतो. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा तो रोमला गेलेलाही नव्हता. तरी १६ व्या अध्यायात वीसहून अधिक जणांना तो नाव घेऊन सलाम सांगतो. फिबीने काय केले, प्रिस्का व अक्विला यांनी कोणता धोका पत्करला, रूफाच्या आईने त्याला कसे वागवले, हे त्याला ठाऊक आहे. पत्र स्वतःच्या हाताने लिहिले तर्तियसाने. म्हणजे पौलानेही लेखनाचे काम दुसऱ्याकडे दिले होते. नावे मात्र त्याच्या हृदयातून आली होती.

ज्यांच्याकडे मंडळीची किंवा शब्बाथ शाळेची यादी आहे त्यांनी एवढे करावे. पहिल्यांदा मेळ घालण्याआधी संपूर्ण यादी कागदावर उतरवावी, किंवा तिची वेगळी प्रत ठेवावी. यंत्र कोणत्या बाजूची यादी कोणत्या बाजूवर घालू असे विचारते, ते दिवसा, जागेपणी वाचावे, आणि समजले नाही तर दोन्ही एकत्र करण्यास सांगावे. एकाची दोन नावे झाली तर ती मागून जुळवता येतात, पण गेलेले नाव परत आणणे कठीण. दर तीन महिन्यांनी यादी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवून पंचांसमोर मोठ्याने वाचावी, आणि जे नाव वाचले गेले नाही ते कोणाला आठवते काय असे विचारावे. शेवटी, घराबाहेर न पडू शकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव यंत्राखेरीज एका जिवंत माणसाकडेही सोपवावे. शब्बाथ शाळेतील थोरली मुले हे काम आनंदाने करतात.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता मी माझ्यापुरते देतो. विसरणे हे प्रत्येक वेळी पाप नाही. परंतु ज्याची आठवण ठेवण्याचे देवाने मला दिले, ती दुसरीकडे सोपवून मी पुन्हा कधी विचारपूस केली नाही, तर ते पाप आहे, आणि त्याची क्षमा मागितली पाहिजे. मी आजींजवळ ती मागितली. खरे काय घडले ते सांगितले. पाळकसाहेब धडधाकट होते, चूक माझी होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तीन महिन्यांची प्रार्थना वाया न्हाई गेली म्हणा. धड राहिले ना ते.”

पुढील शनिवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. विधी झाल्यावर मी आजींना विचारले, रोज सकाळी तुम्ही कोणाकोणाची नावे घेता? त्यांनी डोळे मिटून सांगावयास सुरुवात केली आणि मी वही काढून लिहीत गेलो. आमच्या घरातील सर्वांची नावे त्यांत होती. माझ्या वारलेल्या वडिलांचेही होते. शिंपीकाकांचे व त्यांच्या मुलांचे होते. आणि मजुरीसाठी परगावी गेलेल्या दोन कुटुंबांची नावे होती, जी माझ्या संगणकात नव्हती, मोबाइलमध्ये नव्हती, आणि माझ्या ध्यानातही उरली नव्हती. त्या दोन्ही कुटुंबांचा शोध आम्ही सुरू केला आहे. एकाचा ठाव नांदेडास लागला. दुसऱ्याचा अजून लागावयाचा आहे. वाचकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि आज रात्री आपापली यादी उघडून पाहावी.